रावेरचं स्थळ कुणाला दिसतं?

लग्नाच्या वयाची मुलं-मुली एकमेकांच्या नजरेस पडतात ती कुणाच्या तरी मार्फत. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात हे काम आधी नात्यातल्या मध्यस्थांनी केलं, मग समाजाच्या वधू-वर सूचीनं आणि परिचय मेळाव्यानं, आणि अलीकडे व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरणाऱ्या बायोडाटानं. आता त्यांच्या शेजारी फोनमधलं ॲप येऊन बसलं आहे. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर टिंडर, बम्बल किंवा हिंज; गावाकडे आई-वडील शोधत असतील तर शादी डॉट कॉम किंवा मराठी मॅट्रिमोनी. पहिल्याला डेटिंग म्हणायचं आणि दुसऱ्याला सोयरीक, हा फरक समाज करतो आणि सरकारही करतं. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारनं विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ही संकेतस्थळं केवळ लग्नासाठी असावीत, डेटिंगसाठी नव्हे, असं बजावलं आहे. पण पडद्याआड चालणारं यंत्र दोन्हीकडे एकाच घराण्यातलं आहे. हजारो प्रोफाइलमधून आज या माणसाला कुठली दहा-वीस दाखवायची आणि कुठल्या क्रमानं, हे ते ठरवतं. वापरणाऱ्यांची समजूत अशी असते की ॲपला आपली आवड-निवड कळते आणि ते अनुरूप माणसं शोधून देतं. जो काही पुरावा उपलब्ध आहे त्यासमोर ही समजूत टिकत नाही. ॲप जोड्या जुळवत नाही, लोकांचं लक्ष वाटतं. कुणाच्या वाट्याला किती नजरा याव्यात हे ते ठरवतं, आणि ज्याच्याबद्दल ठरलं त्यालाच ते सांगत नाही.

पहिली चाळण उघड असते. वय, स्त्री की पुरुष, आणि अंतर. यातलं अंतर निरुपद्रवी वाटतं, पण रावेरसारख्या तालुक्याच्या गावाला सगळ्यात जास्त तेच नडतं. ॲप रस्ता मोजत नाही, फोन आहे त्या जागेपासून सरळ रेषेत किलोमीटर मोजतं. रावेरभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढा. सावदा, फैजपूर, यावल, मुक्ताईनगर, भुसावळ आत येतात. मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर तर अगदी जवळ येतं. जळगाव शहर मात्र काठाच्या थोडं बाहेर राहतं. उत्तरेकडचा वर्तुळाचा मोठा तुकडा पालच्या जंगलात आणि सातपुड्याच्या डोंगरात जातो, जिथे ॲप वापरणारं माणूस क्वचित सापडेल. वर्तुळाला राज्याची सीमा कळत नाही, डोंगर कळत नाही आणि सोयरिकीच्या वाटाही कळत नाहीत. रावेरची सोयरीक आज पुण्याला, नाशिकला, मुंबईला, उधना-लिंबायतच्या खान्देशी वस्त्यांमुळे सुरतेला जोडलेली आहे. सूचीत मुलगा ‘मु. पो. अमुक, ता. रावेर, सध्या पुणे’ असा छापला जातो, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणचा असतो. डेटिंग ॲपला तो फक्त फोन असतो तिथला. पुण्यात असताना तो लाखोंच्या गर्दीतला एक, दिवाळीला घरी आला की चार दिवस मूठभरांतला एक, आणि जिच्याशी त्याचं जमू शकलं असतं ती कदाचित त्याच आठवड्यात सुरतेत. विवाहाच्या संकेतस्थळांनी मूळ गाव आणि राहण्याचं गाव असे दोन रकाने ठेवले, हे त्यांचं शहाणपण मान्य करायला हवं.

चाळणीतून जे उरतात त्यांचा क्रम लावणं हा खरा कारभार. टिंडर २०१२ मध्ये सुरू झालं, आणि फोटो उजवीकडे सरकवला तर पसंत, डावीकडे तर नापसंत, ही रीत त्यानंच घराघरात नेली. या प्रत्येक सरकवण्याची नोंद होते. त्या नोंदींतून कंपनीनं प्रत्येक माणसाला एक गुण दिला होता, हे २०१६ मध्ये एका अमेरिकी मासिकातल्या लेखामुळे जगाला कळलं. बुद्धिबळपटूंची क्रमवारी लावण्यासाठी अर्पाद एलो या भौतिकशास्त्रज्ञानं जी पद्धत बसवली, तिच्या धर्तीवर तो गुण होता. नवख्याला हरवलं तर थोडे गुण आणि ग्रँडमास्टरला हरवलं तर भरपूर, तसं जिला पुष्कळ जण पसंत करतात अशा मुलीनं तुम्हाला पसंत केलं की तुमचा गुण जास्त वाढायचा. मग साधारण सारख्या गुणांची माणसं एकमेकांना दाखवायची. मार्च २०१९ मध्ये टिंडरनं जाहीर केलं की एलो आता जुना झाला. सध्याची पद्धत तुम्ही कुणाला पसंत-नापसंत करता आणि तुम्हाला कोण करतं यावरून सतत बदलत राहते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ॲपवर किती हजर असता. या शेवटच्या वाक्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. वरचेवर ॲप उघडणारा वर आणि महिन्यातून दोनदा डोकावणारा खाली, यात अनुरूपतेचा संबंध कुठे आला? दिवसभर केळीच्या बागेत असणारा आणि दिवसभर संगणकासमोर बसणारा यांत दुसराच अधिक ‘हजर’ ठरणार, हे वेगळं सांगायला नको.

या गुणाच्या जागी जे आलं ते अधिक हुशार आहे आणि अधिक अंधारात आहे. ऑनलाइन दुकानात एक वस्तू पाहिली की ‘ती घेणाऱ्यांनी हेही घेतलं’ असं दाखवलं जातं, त्यामागचाच हिशेब माणसांना लावला जातो. तुमच्यासारखीच पसंती-नापसंती दाखवणारे इतर लोक शोधायचे, त्यांना जे चेहरे आवडले ते तुमच्यापुढे ठेवायचे. यंत्राला तुमचं शिक्षण, शेती, स्वभाव, कशाचाही अर्थ समजावा लागत नाही. पसंतीच्या नोंदींतून ते प्रत्येक माणसाला आकड्यांच्या एका नकाशावर बसवतं आणि जवळ-जवळ बसलेल्यांना एकसारखं मानतं. नवा माणूस आला की त्याच्याविषयी नोंदी नसतात, म्हणून त्याला आधी काही जणांसमोर ठेवून पाहावं लागतं. त्या पहिल्या काही जणांनी पाठ फिरवली तर पुढे तो कमी जणांना दिसतो, कमी जणांना दिसला की कमी पसंत्या येतात, आणि कमी पसंत्या आल्या म्हणून आणखी कमी दिसतो. या उतरणीवर लागलेल्या माणसाला त्या पहिल्या काही जणांपलीकडे कुणीही नाकारलेलं नसतं. बाकी कुणी त्याला पाहिलेलंच नसतं. पण त्याच्या फोनवर दोन्हींचा अर्थ एकच दिसतो: काहीच आलं नाही.

वस्तूंच्या दुकानात हा हिशेब फारसा बिघडत नाही, कारण एकच पुस्तक लाखांनी विकत घेतलं तरी पुस्तकाचं काही जात नाही. माणसाचं तसं नाही. एलिझाबेथ ब्रुच आणि मार्क न्यूमन या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या एका डेटिंग संकेतस्थळाच्या संदेशांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकांना महिन्याभरात मोजके संदेश येतात, न्यूयॉर्कमधल्या एका स्त्रीला मात्र दीड हजारांहून अधिक आले होते. शिवाय स्त्री असो वा पुरुष, लोक आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक ‘मागणी’ असलेल्या व्यक्तींच्या मागे जातात असं त्यांना आढळलं. म्हणजे सगळ्यांना मोकळं सोडलं तर सगळे थोड्यांच्याच दारात उभे राहतात. तेव्हा ॲपला लक्ष वाटावंच लागतं, गर्दी आवरावीच लागते, हे कबूल केलं पाहिजे. वाटप नको म्हणून भागणार नाही. प्रश्न उरतो तो वाटपाच्या नियमाचा.

आणि इथे जळगाव जिल्ह्याची गोष्ट न्यूयॉर्कपेक्षा बिकट आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये तो आकडा ८४२ वर आला; राज्याचा तेव्हा ८९४ होता, आणि जळगावपेक्षा वाईट स्थिती बीडची होती. २००१ मधली ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे ऐन लग्नाच्या बाजारात. ८४२ वाली तुकडी त्यांच्या मागोमाग येते आहे. त्यात शेतकरी मुलाला मुलगी द्यायची नाही, नोकरी हवीच आणि वर शेतीही हवी, ही अट खान्देशातल्या कुठल्याही बैठकीत ऐकू येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा पुष्कळांना हसू आलं. त्यामागचा हिशेब हसण्यासारखा नव्हता. भारतातल्या डेटिंग ॲपवर तर पुरुषांची संख्या बायकांपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा ठिकाणी क्रमवारीतली जागा म्हणजे फक्त उशीर-लवकर नव्हे. पहिल्या पन्नासांत दिसणं आणि पाचशेव्या क्रमांकावर असणं यांत दिसणं आणि न दिसणं एवढं अंतर पडतं, कारण पाचशेपर्यंत कुठलीच मुलगी जात नाही.

बरं, यंत्राला निदान अनुरूपता कळते का? समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक कसोटी लावून पाहिली. एकमेकांना काही मिनिटं भेटणाऱ्या अनोळखी तरुण-तरुणींकडून आधी स्वभाव, आवडी, अपेक्षा अशा शंभराहून अधिक बाबी भरून घेतल्या आणि त्या शिकणाऱ्या यंत्राला दिल्या. कोण सहसा सगळ्यांना आवडतो आणि कोण सहसा पुष्कळांना पसंत करतो, याचा थोडाफार अंदाज यंत्राला आला. पण हीच मुलगी याच मुलाला विशेष आवडेल का, हे मात्र सांगता आलं नाही. लोकप्रियता ओळखता येते, जोडी नाही. याच्या तीन वर्षं आधी, २०१४ मध्ये, ओकेक्युपिड या संकेतस्थळानं स्वतःच कबूल केलं होतं की ज्या जोड्यांचं त्यांच्या हिशेबानं तीस टक्केच जुळत होतं, त्यांना मुद्दाम नव्वद टक्के जुळतं असं सांगून पाहिलं, आणि त्या जोड्यांमधला संवाद वाढला. छत्तीस गुण जुळले असं ऐकल्यावर दोन्ही घरं जशी उत्साहानं पुढे सरकतात, तसाच हा प्रकार. पडद्यावरचा टक्का हे निदान कमी आणि सूचना जास्त.

हिंजनं २०१८ पासून रोज एक ‘सर्वांत अनुरूप’ व्यक्ती सुचवायला सुरुवात केली आणि त्यामागे डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांची १९६२ ची पद्धत असल्याचं सांगितलं. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. ही पद्धत खरोखर सुंदर आहे. एका बाजूनं पसंतीच्या क्रमानं मागणी घालायची, दुसऱ्या बाजूनं आलेल्यांतलं उत्तम तेवढं धरून ठेवून बाकी परत पाठवायचे, असं करत गेलं की शेवटी अशी व्यवस्था होते की कुठलेही दोघे आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जाण्यात दोघांचाही फायदा उरत नाही. तिच्यात एक खोच आहे: जी बाजू मागणी घालते तिला शक्य तेवढं उत्तम मिळतं, वाट पाहणाऱ्या बाजूला शक्य त्यातलं कमीत कमी. दारोदार फिरणाऱ्या वधूपित्याला ही बातमी कुणी वेळेवर दिली नाही! पण गणिताची ही हमी प्रत्येकाचा पसंतीक्रम खरा आणि पूर्ण माहीत असेल तरच लागू पडते. ॲपकडे तो नसतो. सरकवलेल्या फोटोंवरून काढलेला अंदाज असतो. अंदाजावर उभ्या केलेल्या इमल्याला नोबेलचं नाव देणं ही जाहिरात झाली.

यंत्र कशासाठी राबतं, हेही धंद्याकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड ही तिन्ही मॅच ग्रुप या एकाच अमेरिकी कंपनीची. २०२३ मध्ये तिचं उत्पन्न सुमारे ३३६ कोटी डॉलर होतं, आणि ते मुख्यतः सभासदांकडून येतं. टिंडर २०१६ पासून ‘बूस्ट’ विकतं: पैसे भरा, अर्धा तास तुमचं प्रोफाइल आसपासच्या लोकांच्या यादीत वर येईल. हेतूबद्दल तर्क करण्याची गरजच नाही, एवढं हे उघड आहे. ज्या रांगेत पुढे जाण्याचे पैसे घेतले जातात ती रांग गुणवत्तेची आहे असं विकणाराही म्हणू शकत नाही. विवाह संकेतस्थळांवरही पैसे भरलेल्या सभासदाचं प्रोफाइल ठळक दिसण्याची सोय विकली जाते. मॅट्रिमोनी डॉट कॉमनं २०२१ मध्ये पदवी न घेतलेल्यांसाठी भारतीय भाषांतून ‘जोडी’ नावाचं वेगळं ॲप काढलं. म्हणजे हा धंदा महानगरातून तालुक्यापर्यंत पोचला आहे, आणि रावेरमध्ये ॲप कोण वापरतं, हा आक्षेप आता फारसा उरत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा येईल की जुने मध्यस्थ काय धुतल्या तांदळाचे होते? मुळीच नव्हते. आपल्या भाच्याचं स्थळ आधी सांगायचं, दुसऱ्याचं दडवायचं, मुलीच्या मनात काय आहे हे विचारायचंच नाही, हे सगळं होतं. सूची आणि मेळावा जातीच्या भिंतीआडच भरतात. ॲपनं निदान मुलीच्या हातात नकार दिला, भावाला न विचारता देता येईल असा, आणि हे थोडं नाही. पण सूचीत एक गुण होता: तिची पानं सगळ्यांना तीच दिसत. मध्यस्थाचा पक्षपात गावाला माहीत असे, त्याचा हिशेब धरूनच लोक त्याचं ऐकत. केळीच्या बाबतीत रावेरच्या शेतकऱ्याला हे नेमकं कळतं. बाजार समिती भाव जाहीर करते, व्यापारी पुष्कळदा त्याहून कमी देतो, आणि शेतकरी भांडतो. भांडता येतं, कारण भाव फळ्यावर लिहिलेला असतो. फळाच नसता तर फसवणूक झाली की माल हलका होता, हे त्याला कधीच कळलं नसतं. ॲपवरचा मुलगा किंवा मुलगी त्या फळा नसलेल्या बाजारात उभी आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: ॲप फक्त आरसा आहे, लोकांच्या आवडीच ते दाखवतं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यातल्या एका वर्तमानपत्रातल्या विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीतच लग्न व्हावं म्हणून मुलीकडचे लोक मुलाच्या शिक्षणावर किती पाणी सोडायला तयार असतात, हे त्यात दिसलं: निरक्षर आणि पदव्युत्तर यांच्यातल्या फरकाएवढं. हे ॲपनं शिकवलेलं नाही, खरं आहे. पण आरसा कुणाला पुढे उभं करायचं आणि कुणाला मागे, हे ठरवत नाही. खान्देशात आडनावावरून जात कळेलच असं नाही. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावं अनेक समाजांत आहेत, म्हणून तर ‘कोणते पाटील?’ हा प्रश्न. यंत्राला तो विचारावा लागत नाही. जात विचारणारा रकानाच नसला तरी, एका समाजातल्या लोकांच्या पसंत्या एकमेकांभोवती गोळा होत असतील तर नोंदींच्या नकाशावर ती वस्ती आपोआप उमटते. आणि मग ज्या मुलीनं जात कधी पाहिली नाही तिलाही, तिच्यासारखं सरकवणाऱ्या इतरांच्या पायी, तेच चेहरे पुढे येतात. आवड इतरांची, लागू झाली तिला. आणि कंपनी हवं तेव्हा आरसा बदलू शकते, हेही आपण पाहिलं आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या भारतीय तरुणींनी हरकत घेतल्यावर शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगावरून शोधण्याची सोय काढून टाकली. रकाना डोळ्यांना दिसत होता म्हणून हरकत घेता आली. नकाशावर उमटलेल्या वस्तीविरुद्ध अर्ज कुठे आणि कशाचा करायचा?

राहिला गुप्ततेचा युक्तिवाद: नियम सांगितले तर लबाड लोक त्यांचा फायदा घेतील. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सूत्रातला प्रत्येक आकडा सांगा, असं कुणी म्हणत नाही. हजर राहण्याला वजन आहे का, पैसे भरल्यानं क्रम किती बदलतो, आठवड्यात माझं प्रोफाइल किती जणांपुढे गेलं, एवढं सांगितल्यानं कुठल्या लबाडाचं फावणार आहे? विशेषतः शेवटचा आकडा. तो कळला तर नाकारलं जाणं आणि दाखवलंच न जाणं यांतला फरक त्या माणसाला कळेल, आणि आपल्यातच काही खोट आहे असं मानून बसलेल्या कितीतरी मुलांच्या मनावरचं ओझं हलकं होईल. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं फेब्रुवारी २०२४ पासून, अगदी लहान कंपन्या वगळता, ऑनलाइन मंचांना त्यांच्या शिफारशींचे मुख्य निकष आणि त्यांचं तुलनेनं महत्त्व अटी-शर्तींमध्ये सोप्या भाषेत लिहिणं बंधनकारक केलं आहे. आपल्या २०१६ च्या सूचना खोट्या ओळखी आणि फसवणूक यांवर थांबतात. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माहितीसाठी संमती घ्यायला सांगतो, आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारण्याचा हक्क देतो, पण त्या माहितीवरून लावलेल्या क्रमाबद्दल त्यात काही नाही. त्यामुळे पॅरिसमधल्या सभासदाला जे कंपनीनं सांगितलंच पाहिजे, ते रावेरमधल्या सभासदाला सांगायचं की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर आहे.